लिंबराज मिस्त्रींची दुपारची झोप

लिंबराज मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते घोरत होते. तेही कुठं, तर त्याच दिवशी सकाळी सेंट्रिंगचे टेकू काढलेल्या एका कोऱ्या स्लॅबच्या खाली, बरोबर मधोमध, वाकळ अंथरून आणि तोंडावर पांढरी टोपी ठेवून. आजूबाजूला टेकूच्या बल्ल्यांचा ढीग, फळ्या, वाकडे झालेले खिळे. बाया-माणसं त्यातून वाट काढत विटा वाहत होती, म्हाताऱ्याला वळसा घालून जात होती, पण आवाज म्हणून कुणी करत नव्हतं. मी एकाला विचारलं, मिस्त्री कुठं भेटतील? त्यानं तोंडावर बोट ठेवलं, मिस्त्रींकडं मान वळवली आणि हळूच म्हणाला, "परीक्षा चालू हाय."

मी एसटीत कंडक्टर आहे, धाराशिव-बार्शी गाडीवर. बेल मारली की गाडी सुटली पाहिजे, एवढंच मला ठाऊक. कुणा माणसाच्या झोपेसाठी भर दुपारी विटांच्या ढिगावर बसून राहायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. दोनदा उठलेही. पण ज्यांनी पत्ता दिला त्यांनी बजावलं होतं, उतारावर घर बांधायचं असेल तर लिंबराजशिवाय कुणाच्या हाती देऊ नका, तोंडाचा फाटका आहे पण कामाचा पक्का आहे. म्हणून पुन्हा बसले. बऱ्याच वेळानं टोपी हलली. म्हातारा उठून बसला, वर स्लॅबकडं बघितलं, दोन्ही हात जोडले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि मग कुठं माझ्याकडं लक्ष गेलं. "पास झाला," म्हणाले. "बोला बाई, काय काम काढलं?"

हा त्यांचा रिवाजच होता. ज्या दिवशी स्लॅबचे टेकू निघतील त्या दिवशीची दुपारची झोप त्याच स्लॅबखाली. त्यासाठीची वाकळ मोपेडच्या कॅरिअरला कायम बांधलेली असायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्याखाली मिस्त्री झोपत न्हाय त्याच्याखाली मालकानं कशापायी झोपावं?" आणि एवढ्यावर थांबतील तर ते लिंबराज कसले! लगेच पुढं जोडायचे की अणदूरपासून येडशीपर्यंत किती बंगल्यांत पहिली झोप आपलीच झालेली आहे, मालक मागनं झोपला, आदी लिंबराज. मोठेपणा सांगायची त्यांना भारी हौस. साठी कधीच उलटलेली, अंग काटक, मिशी कोरलेली, आणि कपडे असे पांढरे की हा माणूस सिमेंटमध्ये हात घालतो हे कुणाला सांगून खरं वाटू नये. कामाला हात लावण्याआधी टोपी जवळच्या झाडाला अडकवायची, ती दिवस मावळेपर्यंत कुणी हलवायची नाही. मूळचे अणदूरचे. त्यांचा खंडोबा काही महिने अणदूरला राहतो आणि काही दिवस नळदुर्गाला. त्यावरून म्हणायचे, "आमचा देव दोन घरं सांभाळतो, पण हितंबी बिनघोर झोपतो अन् तितंबी. देवाला जमतं ते मानसाला का जमू न्हाय?"

आमच्या घरात मात्र ते एका माणसाला जमत नव्हतं, आणि ते माणूस म्हणजे माझी आई.

आमचं मूळ गाव लोहाऱ्याच्या बाजूचं. पहाटे चारच्या सुमाराला झालेल्या भूकंपात ते गेलं, आणि माझे वडीलही गेले. मी तेव्हा मामाकडं शिकायला होते म्हणून वाचले, आई बाहेर गोठ्यात होती म्हणून वाचली. वडील घरात, मातीच्या माळवदाखाली झोपलेले होते. दाराच्या चौकटीपाशी सापडले, म्हणजे उठून तिथपर्यंत आले होते. त्यानंतर आई पक्क्या छताखाली कधी झोपली नाही. मामाकडं अंगणात झोपायची. पुढं मला नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही धाराशिवला भाड्यानं राहिलो, तर खोल्या नेहमी पत्र्याच्याच बघायच्या, का तर म्हणे पत्रा पडला तर लागतं, मरत न्हाय माणूस. पाऊस असला तर ओसरीत, नसला तर उघड्यावर. आणि स्वतः झोपायची नाही ते नाही, दुसऱ्यालाही झोपू द्यायची नाही. पहाटे चारच्या आत सगळ्यांना हलवून उठवायची. माझी बाळंतपणातली झोप तिनं मोडली, माझ्या मुलीची दहावीतली मोडली, आमच्या ह्यांची तर लग्नापासून मोडली. हे दूध संकलन केंद्रात कामाला, त्यांना तसंही पहाटेच जावं लागायचं, म्हणून निभावलं. गरीब माणूस, कधी तक्रार केली नाही. मी मात्र चिडायचे. आईला काही बोललं की ती नुसतं म्हणायची, "उठून बसलेलं बरं."

येडशीच्या अलीकडं डोंगराच्या उतारावर जागा मिळत होती. वर करवंदी आणि खडक, खाली रस्ता, रस्त्याला लागून रेल्वेची लाइन, पलीकडं रामलिंगाचं रान. बघायला आईला घेऊन गेलो. तिनं चप्पल काढली, अनवाणी फिरली, टाच आपटून बघितली आणि म्हणाली, खाली कातळ हाय, घ्या. आम्ही हरखलो. मला वाटलं, आता आपलं स्वतःचं घर होईल आणि ह्या बाईला म्हातारपणी तरी घरात झोप लागेल. खरं सांगायचं तर मला दुसरं काही नको होतं. मोठी खिडकी नको होती, फरशी नको होती. आईनं एकदा छताखाली, दार लावून, निवांत झोपावं, बस्स. पण परत येताना गाडीतच तिनं स्पष्ट सांगितलं की घर बांधा, मी भाकऱ्या आत थापीन, पण झोपीन बाहेरच.

मिस्त्री जागा बघायला आले तेव्हा मी त्यांना खोल्या सांगत होते, स्वयंपाकघर कुठं, न्हाणी कुठं. त्यांनी माझं अर्धवट ऐकलं आणि आईकडं वळले. तुमाला काय पायजे आक्का, असं विचारलं. आई म्हणाली, दोनच गोष्टी. मला निजायला ओसरी काढा, आणि घराची समदी दारं बाहेरच्या अंगाला उघडली पायजेत. मिस्त्रींनी ओसरी का म्हणून विचारलं तर तिनं कारण सांगितलं, सगळ्यांना सांगायची तेवढंच. मिस्त्री मिशीवर हात फिरवून म्हणाले, "म्हंजे म्या घर बांधायचं अन् तुमी त्याच्या बाहीर निजायचं? आक्का, हा लिंबराजचा अपमान हाय."

आई हसली. अनोळखी माणसासमोर तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

दारांवरून सुताराशी वाजलं. सुतार म्हणत होता, घराचं दार आतच उघडतं, बाहेर उघडणारं दार दुकानाला असतं, उद्या पाहुणा आला तर त्याच्या नाकावर आपटेल. मिस्त्री म्हणाले, पाव्हणं दोन पावलं मागं सरतील, आक्काला दोन पावलंबी मागं सरावं लागू न्हाय. झालं, दारं बाहेर उघडणारी झाली. आजही नवा माणूस आमच्याकडं आला की नाक वाचवत मागं सरतो.

माझं आणि मिस्त्रींचं भांडण झालं ते भरावावरून. मला सगळं घर एका पातळीत हवं होतं. उतार आहे तर वरचा मुरूम कोरून खाली भरा, सपाट करा आणि बांधा, एवढं साधं. मिस्त्री ऐकायला तयार नाहीत. भर घातलेली माती बसायला निदान एक-दोन पावसाळे पाहिजेत म्हणाले. मी म्हटलं, मुलीची सुट्टी आहे तोवर मला वास्तुशांत करायची आहे. "घाई हाय तर तंबू ठोका," म्हणाले, झाडावरची टोपी काढली आणि मोपेडला किक मारून निघून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. मी गाडीत प्रवाशांवर राग काढला. शेवटी आमचे हे अणदूरला जाऊन त्यांना घेऊन आले, आणि येताना दोघांनी मिळून मार्ग काढला होता: मागची खोली वरच्या कातळावर, पुढची खालच्या कातळावर, मध्ये तीन पायऱ्या, आणि भराव कुठंच नाही.

त्या तीन पायऱ्यांविषयी सांगितलंच पाहिजे. पहिल्या दोन सारख्या आहेत, तिसरी चार बोटं उंच झाली आहे. आता एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि पायरी चुकली. मी दाखवलं तर कबूल करतील तर शपथ. म्हणे मुद्दाम केलीय, चोरासाठी हाय, चोर अडखळंल अन् तुमी जागं व्हाल. चोर काही अजून आला नाही, पण आम्ही सगळे तिथं अडखळलो, मुलगी पडली, पूजेला आलेले गुरुजी पडता पडता वाचले, आणि एकदा खुद्द मिस्त्रीच ठेचकाळले. उठून त्यांनी पायातली चप्पल हातात घेतली, तिला उलटीसुलटी करून बघितलं आणि आजकाल चपलाच धड मिळत नाहीत म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

स्लॅबचा दिवस गडबडीत गेला. मिक्सर दिवसभर घरघरत होता, घमेली हातोहात वर जात होती, आणि काम संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांना मटण-भाकरीचं जेवण. मग स्लॅबवर पाण्याची आळी करून पाणी धरणं, आणि वाट बघणं. टेकू काढायच्या दिवशी मी रजा टाकली. आई सकाळपासून अंगणातल्या लिंबाखाली बसून होती. शेवटची बल्ली निघाली, मिस्त्रींनी जेवण केलं, हात धुतले, वाकळ आणली आणि गेले की आत मधोमध झोपायला.

आईचा चेहरा पांढरा पडला. आधी तिनं मला सांगितलं, त्यांना उठीव. मी म्हटलं, अगं हे त्यांचं नेहमीचं आहे. मग ती स्वतः दारापर्यंत गेली, पण आत पाऊल टाकेना. उठा हो मिस्त्री, उठा, म्हणून हाका मारल्या. मिस्त्री घोरतायत. तिनं खडा मारला. तरी घोरतायत. शेवटी तिनं सेंट्रिंगचा एक लांब बांबू उचलला, बाहेर उभी राहून तो आत सरकवला आणि त्यांच्या बरगडीत ढोसला. म्हातारा ओरडत उठला. बाहेर बाया हसून हसून खाली बसल्या. मिस्त्रींनी शांतपणे बरगडी चोळली आणि म्हणाले, "आक्का, परीक्षा मोडली तुमी. आता उद्या परत झोपावं लागंल." आणि दुसऱ्या दिवशी परत झोपले. आईला मी त्या दुपारी मुद्दाम बाजारला घेऊन गेले.

वास्तुशांतीला मिस्त्रींना टॉवेल-टोपीचा आहेर केला. पंगतीत बसले, पण जेवणात लक्ष नव्हतं. त्यांची नजर खिडकीतून बाहेर, लिंबाखाली घातलेल्या आईच्या बाजेवर. मी पुरणपोळी वाढायला गेले तर म्हणाले, "बाई, माझ्या घराबाहीर बाज पडलीय. मला गोड लागायचं न्हाय." मी म्हटलं, हळूहळू येईल आत. आईनं ते ऐकलं असावं. कारण त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, तिनं कुणाला न सांगता आतल्या खोलीत चटई टाकली आणि आडवी झाली. निव्वळ त्या म्हाताऱ्याचं मन राखायला.

आणि नेमकी मालगाडी आली. आता ही चूक कुणाची म्हणायची? जागा घ्यायच्या आधी आम्ही तिथं किती वेळा उभे राहिलो होतो, गाड्या जाताना बघितल्या होत्या, मुलीला तर गाड्या दिसतात म्हणूनच जागा आवडली होती. उघड्या माळावर पायाला काही कळत नाही. घर झाल्यावर, पुढच्या खोलीत मिस्त्रींनी हौसेनं बसवलेल्या कडप्प्याच्या मांडणीवर स्टीलचे डबे लावल्यावर, लादलेली मालगाडी गेली की ते सगळे डबे एकदम थरथर वाजायला लागले. आई उठली ती पळतच सुटली. तिसऱ्या पायरीवर अडखळली, गुडघा फुटला, तशीच बाहेर. मी ड्युटीवरून आले तेव्हा लिंबाखाली बाजेवर फुटलेल्या गुडघ्यावर पदर दाबून बसून होती. मला इतकं रडू आलं की मी न्हाणीत जाऊन रडले. एवढं घर बांधून आपण तिच्यासाठी काय केलं, तर रोज वाजणारा भूकंप आणून ठेवला.

मिस्त्रींना बोलावलं. ते आले, गाडीची वेळ होईपर्यंत मांडणीपुढं बसून राहिले. डबे वाजले तसा त्यांचा चेहरा उतरला. आधी रेल्वेवर घसरले, लाइन टाकताना आमाला कुठं इचारलं वगैरे. मग बाहेर येऊन आईला समजवायला लागले की आक्का, घर हललं न्हाय, नुसते डबे हलले. आई त्यांच्याकडं बघून म्हणाली, "आदी डबेच हालत्यात, मिस्त्री."

मी म्हटलं, मांडणी काढून टाका, डबे जमिनीवर ठेवते. ते म्हणाले, न्हाय, वाजू द्या. वाजल्यावर म्होरं काय हुतं ते आक्काला दिसू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोपेड पुन्हा दारात. मिस्त्री वाकळ घेऊन आत गेले आणि मांडणीच्या समोर, खोलीच्या मधोमध झोपले. जवळच त्यांचं दुसऱ्या एका घराचं काम चालू होतं, तिथून जेवून यायचे. त्या दिवशी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, मग येतच राहिले. आईला हा नवाच घोर लागला. आत माणूस झोपलाय म्हटल्यावर तिला लिंबाखाली बसवेना. ती येऊन उंबऱ्यावर बसायला लागली, पाय बाहेर, तोंड आत, आणि मांडीवर तो बांबू आडवा. गाडी आली, डबे वाजले की बांबू उचलायची. सुरुवातीला ढोसायची. मिस्त्री उठायचे, पास झाला म्हणायचे, पुन्हा आडवे व्हायचे. पुढं पुढं ती नुसता बांबू उचलून धरायची, डबे थांबले की खाली ठेवायची. आमचे हे म्हणायचे, आपल्या घरात टोलनाका सुरू झालाय. पण एक बदल मला दिसत होता. जी बाई दाराच्या चौकटीत क्षणभर थांबायची नाही, कायम लगबगीनं पार व्हायची, ती रोज तासभर उंबऱ्यावर बसत होती. आणि हळूहळू पायही आत घेऊन बसायला लागली.

अशाच एका दुपारी मी लवकर सुटले. चढ चढून अंगणात आले तर आई बोलत होती. मिस्त्री आत, तोंडावर टोपी. ते झोपलेत असं समजून ती बोलत होती, आणि मी इतकी वर्षं तिची मुलगी असून मला जे माहीत नव्हतं ते बोलत होती. गावचा गणपती बुडवून वडील उशिरा आले होते. गाय व्यायला झाली होती म्हणून ती पहाटे उठून गोठ्यात निघाली. जाताना त्यांना हलवायला हात पुढं केला होता. "अन् हात मागं घेतला म्या," आई म्हणाली. "म्हनलं, दमलाय मानूस. जरा झोपू दे."

मी चपला हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घरातल्या सगळ्या पहाटा आल्या, तिनं हलवून हलवून उठवलेल्या, मी तिच्यावर चिडलेल्या.

मग टोपीच्या खालून आवाज आला. मिस्त्री जागेच होते.

"आक्का, दमलेल्याला झोपू दिलं तुमी. त्यात कसलं पाप हो?" टोपी तोंडावर तशीच होती. "पडलं ते माळवद. ते काय तुमी बांधलं न्हवतं. आमच्यासारख्यांनीच बांधलं हुतं, मातीत दगडं रचून, वर आनखी माती लादून. म्याबी तसली लई बांधली. त्याचा जाब आमाला इचारायचा. सोताला न्हाय." आणि शेवटी म्हणाले, "तवापासनं म्या आदी झोपतो."

आई पदरानं डोळे पुसत राहिली. मी उलट्या पावली खाली रस्त्यापर्यंत गेले आणि मुद्दाम मोठ्यानं खोकत पुन्हा वर आले.

त्या पावसाळ्यानंतर मिस्त्रींची छाती दुखायला लागली. डॉक्टरांनी काम बंद केलं, मोपेड बंद केली, चढ तर अजिबात चढायचा नाही असं सांगितलं. आम्ही अणदूरला जाऊन भेटून आलो. घरात बसून बसून म्हातारा चिडका झाला होता, शेजारी बांधकाम चाललं होतं तिथल्या मिस्त्रीला अंगणातून शिव्या घालत होता. मला म्हणाले, आक्काच्या घरी एकदा यायचंय, बरेच दिवस नीट झोप न्हाय. आणि आले. धाराशिवला माझ्याच गाडीत बसले. तिकीट फाडलं तर शेजारच्या प्रवाशाला सांगायला लागले की ही कंडक्टर आपल्याच घरात राहते. त्याला वाटलं सून आहे. मीही काही दुरुस्ती केली नाही. थांब्यावर हे दुचाकी घेऊन उभे होते, त्यांनी वर आणलं.

आईनं शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी वाढली. जेवले थोडंच. मग नेहमीच्या जागी वाकळ टाकून आडवे झाले, टोपी तोंडावर. पूर्वीसारखं घोरणं नव्हतं, श्वास नुसता बारीक वाजत होता. आई उंबऱ्यावर बसली. मी आतल्या पायरीवर, त्या उंच पायरीवर. गाडी आली. डबे वाजायला लागले. मी आईकडं बघितलं. तिनं बांबू उचलला नाही. उठली, आत आली, थेट खोलीच्या मधोमध, स्लॅबखाली, आणि मिस्त्रींच्या उशाशी बसली. वाऱ्यानं त्यांची टोपी सरकत होती, ती तिनं दोन बोटांनी धरून ठेवली. गाडी लांब होती. सगळी जाईपर्यंत तशीच बसून राहिली. मिस्त्री उठले तेव्हा आईला शेजारी बघून त्यांनी वर छताकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि एरवी म्हणायचे ते काही म्हणाले नाहीत. फक्त हात जोडले. जाताना वाकळ घडी करून मांडणीखाली ठेवली. राहू द्या हितंच, म्हणाले, आता बांधायला कॅरिअर कुठं हाय.

त्यांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

फोन आला तेव्हा मी बार्शीच्या स्टँडवर होते. त्यांच्या सुनेचा फोन. सकाळी चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत, दुपारनंतर नेणार, आक्कांना घेऊन या. परतीच्या गाडीत तिकिटं कशी फाडली माझी मलाच ठाऊक नाही. कुणाच्या तरी हातात सुटे पैसे ठेवले आणि ते कुणाचे होते आठवेना. सगळी वाट मी एकच जुळवत होते, आईला कसं सांगायचं. येडशीला बदली कंडक्टरला मशीन दिलं आणि चढ चढून घरी आले.

अंगणात बाज रिकामी होती. आमचे हे ओसरीत बसले होते. मी हाक मारणार एवढ्यात त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आत मान वळवली.

आत, खोलीच्या मधोमध, मिस्त्रींची वाकळ अंथरलेली होती आणि तिच्यावर आई झोपली होती. एका कुशीवर, हात उशाशी घेऊन, तोंड किंचित उघडं. गेले चार-पाच दिवस दुपारच्या अशा आडव्या होतात, हे म्हणाले, आज पहिल्यांदा डोळा लागलाय. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, अगं, अणदूर गाठायचं तर आत्ताच निघायला हवं, आईंना उठवतो. आणि आत जायला वळले.

तेवढ्यात गाडी आली. मांडणीवरचे डबे वाजू लागले, आधी बारीक, मग एकदम सगळे. हे दारातच थबकले. मी आईकडं बघत होते. तिची पापणी हलली. तिनं झोपेतच कूस बदलली, वाकळीचं टोक अंगावर ओढलं आणि तशीच राहिली. डबे वाजत राहिले.

मी ह्यांचा हात धरला.

"थांबा," म्हटलं. "जरा झोपू द्या तिला."

आणि दाराला टेकवलेला बांबू बाजूला ठेवून मी उंबऱ्यावर बसले.